विमा क्षेत्रातील भरती : विकणारे उदंड, दावा निस्तरणारे थोडे

वधू-वर सूचक मंडळांच्या जुन्या वह्या चाळल्या तर मुलाच्या नोकरीच्या रकान्यात काही नोंदी पुन:पुन्हा आढळतात : बँक, मंत्रालय आणि एलआयसी. गिरगाव-दादरपासून पुण्याच्या पेठांपर्यंत 'मुलगा एलआयसीत आहे' एवढे सांगितले, की पुढची चौकशी आपोआप थांबत असे. पगार किती, हे गौण होते. तो दर महिन्याला होणार आणि निवृत्तीपर्यंत होत राहणार, ही खात्री महत्त्वाची होती. आज त्याच घरातील पदवीधर मुलीने 'मला विमा कंपनीत नोकरी मिळाली' असे सांगितले, तर पहिला प्रश्न येतो तो 'म्हणजे पॉलिसी विकायच्या का?' प्रश्न खवचट वाटला तरी अस्थानी नाही. विमा उद्योगातील रोजगाराचे सारे चित्र त्या एका प्रश्नाभोवती फिरते आहे.

हे चित्र नव्याने तपासण्याचे कारण असे, की विमा क्षेत्रातील मोठ्या रोजगाराची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवनविमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर शून्यावर आणण्यात आला. पाठोपाठ डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विमा कायद्यांतील दुरुस्ती संमत करून थेट परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेण्याचा मार्ग मोकळा केला. हप्ता स्वस्त झाला म्हणजे विमा घेणारे वाढतील, परकीय भांडवल आले म्हणजे नव्या कंपन्या येतील आणि कंपन्या आल्या म्हणजे नोकऱ्या येतील, अशी ही साखळी मांडली जाते. तिचे पहिले दोन दुवे टिकतीलही. तिसऱ्याविषयी मात्र एवढे विचारणे भाग आहे, की या नोकऱ्या नेमक्या कोणत्या?

कारण विमा उद्योगातील भरती एक नाही, दोन आहेत. पहिली पॉलिसी विकणाऱ्यांची. ती बारमाही चालू असते, तिला दहावी उत्तीर्ण उमेदवारही चालतो आणि तीत निवड झालेल्यांपैकी बहुसंख्यांना पगार नव्हे, तर कमिशन असते. दुसरी भरती पॉलिसी विकली गेल्यानंतरच्या कामांची : जोखीम जोखणे, हप्ता बसविणे, नुकसान मोजणे, दावा तपासून निकालात काढणे. या जागा मोजक्या, पात्रता कठीण आणि त्यासाठी तयार माणसे तुटपुंजी. रोजगार मेळाव्यांतला गजर पहिल्या भरतीचा असतो. उद्योगाची आणि पॉलिसीधारकाचीही खरी निकड दुसरीची आहे.

एलआयसीच्या दोन जाहिराती

या दोन भरत्यांमधील अंतर पाहायचे तर आयुर्विमा महामंडळाच्या दोन जाहिराती शेजारी ठेवाव्यात. जानेवारी २०२३ मध्ये महामंडळाने शिकाऊ विकास अधिकाऱ्यांच्या ९,३९४ जागा जाहीर केल्या. विकास अधिकारी म्हणजे एजंटांची फळी उभी करणारा आणि तिच्याकडून व्यवसाय आणवून घेणारा अधिकारी. म्हणजे ही भरती विक्रीचीच. यातील काही जागा महामंडळाच्या एजंटांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठीही होत्या.

ऑगस्ट २०२५ मधील जाहिरात अधिकाऱ्यांच्या ८४१ जागांची होती. त्यांपैकी ३५० जागा सर्वसाधारण सहायक प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या, ८१ सहायक अभियंत्यांच्या आणि तब्बल ४१० विशेषज्ञांच्या. विशेषज्ञांमध्ये विम्यातील व्यावसायिक पात्रता असलेल्यांसाठी ३१०, तर विमागणित, सनदी लेखापाल आणि विधी या शाखांसाठी प्रत्येकी ३०. उरलेल्या १० कंपनी सचिवांच्या. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' ही एलआयसीच्या परीक्षेची जुनी ओळख. दादर-ठाण्याचे क्लास त्याच ओळखीवर उभे राहिले. परंतु या जाहिरातीत निम्म्याहून अधिक जागा केवळ पदवीवर मिळणाऱ्या नव्हत्या. पाठांतर आणि वेगवान आकडेमोड यांच्या जोरावर बँकेची, रेल्वेची आणि विम्याची परीक्षा एकाच तयारीत देणाऱ्या मुलांसाठी हा बदल लहान नाही.

सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांची भरती अद्याप जुन्या वळणाने चालते. नॅशनल इन्शुरन्सने २०२४ मध्ये ५०० सहायकांची आणि न्यू इंडिया ॲश्युरन्सने २०२५ मध्ये ५५० प्रशासकीय अधिकाऱ्यांची भरती काढली. पण या संख्येकडे पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. एलआयसीचे कायम कर्मचारी एक लाखाच्या आत-बाहेर आहेत, तर तिचे एजंट मार्च २०२५ अखेर सुमारे १४.८७ लाख होते. एका पगारदारामागे चौदा-पंधरा कमिशनवाले, असे हे प्रमाण आहे.

शंभर जणांची यादी

परकीय भांडवल येते तेव्हा पहिली भरती कोणाची होते, याचा अनुभव आपण एकदा घेतला आहे. मल्होत्रा समितीचा अहवाल १९९४ मध्ये आला, विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा १९९९ चा आणि २००० मध्ये २६ टक्के परकीय भांडवलाच्या मर्यादेसह खासगी कंपन्यांना दार उघडले. पुढील दशकात जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तर तालुक्यांच्या बाजारपेठांतही काचेच्या दर्शनी भागाची कार्यालये उघडली. शेअर बाजार चढता होता, त्याला जोडलेल्या 'युलिप' पॉलिसी हातोहात खपत होत्या आणि विकणारी माणसे कितीही असली तरी कमी पडत होती.

प्रस्तुत प्रतिनिधी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना महाविद्यालयात एक विमा कंपनी मुलाखतीसाठी आली होती. मुलाखतीत विम्याविषयी एकही प्रश्न नव्हता. ओळखीच्या शंभर जणांची नावे व दूरध्वनी क्रमांक लिहून आणायला सांगितले गेले. ज्यांची यादी भरली, त्यांची निवड झाली. मामा, काका, शेजारी, वडिलांचे कार्यालयातील मित्र असा यादीचा क्रम असे. यादी संपली, की बहुतेकांचे त्या क्षेत्रातील दिवसही संपले. मागे राहिल्या त्या मामा-काकांनी भिडेखातर घेतलेल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्यानंतर सोडून दिलेल्या पॉलिसी.

या बहराचा शेवट नियमांनी केला. एप्रिल २०१० मध्ये 'युलिप'वर अधिकार कोणाचा, यावरून सेबी आणि विमा प्राधिकरण यांच्यात जुंपली. सप्टेंबर २०१० पासून या पॉलिसींवरील आकारणीला मर्यादा आली, पैसे अडकून राहण्याची किमान मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आणि सुरुवातीलाच मिळणारे घसघशीत कमिशन आटले. मार्च २०१० मध्ये देशात जीवनविम्याचे सुमारे ३० लाख वैयक्तिक एजंट होते. मार्च २०१३ मध्ये ते २१ लाखांच्या घरात आले. तीन वर्षांत जवळपास नऊ लाख माणसे या व्यवसायातून गेली. त्याला कोणी नोकरकपात म्हटले नाही. कारण त्यांना नोकरी कोणी दिलेलीच नव्हती.

विकणारे वाढले की विमा वाढतो, हे गृहीतकही आकड्यांवर टिकत नाही. देशाच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत विमा हप्त्यांचे प्रमाण २००१ मध्ये २.७१ टक्के होते, ते २००९ मध्ये ५.२ टक्क्यांवर गेले. त्यानंतर ते घसरले. करोनाकाळानंतर २०२१-२२ मध्ये ४.२ टक्के, तर २०२३-२४ मध्ये ३.७ टक्के. नेमक्या याच पुढच्या काळात एकट्या एलआयसीने एजंटांची संख्या वर्षभरात १४.१५ लाखांवरून १४.८७ लाखांवर नेली आहे. हप्त्याचे प्रमाण घसरण्यास अन्य आर्थिक कारणे आहेत, हे मान्य. परंतु माणसे कमी पडतात म्हणून विमा पोहोचत नाही, असे म्हणण्यास जागा उरत नाही. उलट जीवनविम्यात फसव्या विक्रीच्या व अनुचित प्रथांच्या तक्रारी २०२३-२४ मधील सुमारे २३ हजारांवरून पुढील वर्षी २६ हजारांवर गेल्या.

या विक्रीच्या भरतीतील सर्वांत मोठी अलीकडची योजना म्हणजे 'विमा सखी'. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे पंतप्रधानांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. १८ ते ७० वयोगटातील, किमान दहावी उत्तीर्ण महिलांना एलआयसीचे एजंट म्हणून घ्यायचे, पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन द्यायचे आणि तीन वर्षांत दोन लाख महिला उभ्या करायच्या, असे उद्दिष्ट आहे. घराबाहेर पडून स्वत:ची कमाई करू पाहणाऱ्या स्त्रीसाठी ही रक्कम उपयोगाची आहे, यात शंका नाही. पण अटी वाचायला हव्यात. पहिल्या वर्षी किमान २४ पॉलिसी आणाव्या लागतात, आणि नंतरचे विद्यावेतन आधीच्या वर्षातील किमान ६५ टक्के पॉलिसी चालू राहिल्या तरच मिळते. ही अट योग्यच आहे; शंभर जणांच्या यादीवर ती उतारा ठरू शकते. मात्र ही नेमणूक पगारी नोकरी समजली जाणार नाही, असे योजनेतच स्पष्ट केलेले आहे. रोजगाराच्या आकडेवारीत दोन लाखांची भर घालताना हे वाक्य सहसा वगळले जाते.

कमिशनवर जगणाऱ्यांचे उत्पन्नही गेल्या काही वर्षांत डळमळले आहे. पॉलिसी मध्येच सोडणाऱ्याला अधिक रक्कम परत मिळावी म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले. ग्राहकाच्या दृष्टीने ते स्वागतार्ह होते. परंतु त्यानंतर एलआयसीने एजंटांचे पहिल्या वर्षाचे कमिशन ३५ टक्क्यांवरून २८ टक्के केले आणि नूतनीकरणाचे ५ वरून ७.५ टक्के. एजंटांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. पुढे वस्तू व सेवा कर शून्य झाला, तेव्हा कंपन्यांना आपल्या खर्चावरील कराचा परतावा मिळेनासा झाला आणि अनेक कंपन्यांनी तो बोजा कमिशनमधून वळता केला. विमा स्वस्त होण्याची किंमत अंशत: विकणाऱ्यांनी चुकती केली, असे म्हणता येईल. जुन्या, जम बसलेल्या एजंटाला नूतनीकरणाचे वाढीव कमिशन तारून नेईल. नव्याने येणाऱ्याचे पहिले वर्ष मात्र अधिक कोरडे झाले आहे, आणि टिकायचे की नाही याचा निर्णय माणूस पहिल्याच वर्षात घेतो.

शहरी पदवीधरांना विक्रीतही पगाराची नोकरी मिळते, ती मुख्यत: बँकांच्या शाखांत. खासगी जीवनविमा कंपन्यांच्या वैयक्तिक नव्या व्यवसायातील सुमारे निम्मा भाग बँकांमार्फत येतो. शाखेत एका कोपऱ्यात टाय लावून बसलेला, 'सर, एफडीपेक्षा चांगले आहे' असे सांगणारा तरुण पुष्कळदा बँकेचा नसतो, विमा कंपनीचा असतो. त्याला पगार मिळतो, पण दरमहाच्या लक्ष्याची टांगती तलवारही असते. या फळीतील माणसे वर्ष-दीड वर्षात कंपनी बदलतात. म्हणूनच ही पदे कायम 'मागणीत' दिसतात. रिकामी होत राहणारी जागा आणि नव्याने निर्माण झालेली जागा यांत भरतीच्या जाहिराती फरक करीत नाहीत.

दाव्याच्या टेबलावर

आता दुसऱ्या भरतीकडे वळू. तिची व्याप्ती समजण्यासाठी आरोग्यविम्याचे आकडे पुरेसे आहेत. विमा प्राधिकरणाच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये कंपन्यांनी आरोग्यविम्याचे सुमारे २.६९ कोटी दावे निकाली काढून ८३,४९३ कोटी रुपये दिले. म्हणजे सुट्टीचे दिवस धरूनही रोज सरासरी ७३ हजारांवर दावे. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के दावे टीपीए, म्हणजे कंपनी व रुग्णालय यांच्यामधील प्रशासक संस्था, यांच्यामार्फत हाताळले गेले. यातील प्रत्येक दाव्याचे कागद कोणीतरी वाचलेले असतात. ते वाचणारा कोण?

बहुतेकदा तो किंवा ती डॉक्टर असते. ठाणे, अंधेरी, पुणे येथील टीपीएंच्या आणि विमा कंपन्यांच्या कार्यालयांत होमिओपॅथी, आयुर्वेद आणि दंतवैद्यक पदवीधरांची मोठी फळी बसलेली आहे. पाच-साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, स्वत:चा दवाखाना थाटण्यास भांडवल नाही, रुग्णालयातील निवासी डॉक्टरची नोकरी रात्रपाळीची आणि अपुऱ्या वेतनाची; त्यांच्यासाठी दावा-विभाग हा आधी नाइलाजाचा पर्याय होता. आता तो या पदवीधरांना नियमित पगार देणारा एक ठळक मार्ग झाला आहे. काम असे : रुग्णालयाकडून आलेला प्रस्ताव पाहायचा, निदान आणि उपचार यांचा मेळ बसतो का ते ताडायचे, जुना आजार लपविला आहे का ते तपासायचे, पॉलिसीच्या अटी लावायच्या आणि मंजुरी, कपात किंवा नकार यांपैकी एकावर बोट ठेवायचे.

२९ मे २०२४ च्या परिपत्रकाने या कामाला घड्याळ बांधले. कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा आणि रुग्णाला घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे प्राधिकरणाने बजावले. उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा बिल लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. बिलाच्या खिडकीसमोर पिशव्या बांधून संध्याकाळपर्यंत ताटकळलेल्या कोणत्याही कुटुंबाला या नियमाचे मोल सांगायला नको. पण नियम पाळायचा तर चोवीस तास, सणावारीही, निर्णय घेऊ शकणारी माणसे बसवावी लागतात. अनुभवी दावा-परीक्षकांची मागणी वाढली आहे ती यामुळे.

येथे एक अडचण आहे आणि ती पैशाची आहे. विक्रीवर खर्च केला की उत्पन्न येते. दावे तपासणाऱ्यावर खर्च केला की, कंपनीच्या हिशेबी, केवळ खर्चच होतो. त्यामुळे या विभागात माणसे कमी ठेवायची आणि प्रत्येकावर दाव्यांचा कोटा लादायचा, ही प्रवृत्ती दिसते. दिवसाला ठरावीक फायली हातावेगळ्या करायच्या असतील, तर शंकास्पद फाईल नीट वाचण्यापेक्षा रुग्णालयाला आणखी एक कागद मागणे सोपे. २०२३-२४ मध्ये दाखल आरोग्य दाव्यांच्या एकूण रकमेपैकी सुमारे ७१ टक्के रक्कमच दिली गेली. बाकी रकमेत कपात होती, नकार होते आणि प्रलंबित दावेही होते. यातील किती नकार रास्त होते, हा वादाचा विषय आहे. मात्र थकलेला आणि कोट्याने बांधलेला परीक्षक रास्त निर्णय देईल, अशी अपेक्षा कशी ठेवायची? विमा लोकपालाच्या मुंबई किंवा पुणे कार्यालयात जो अर्ज पोहोचतो, त्याची सुरुवात पुष्कळदा अशा एका टेबलावर झालेली असते. या तक्रारींमुळे विधी पदवीधरांनाही विमा कंपन्यांत काम वाढले आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणांतील दावे तर पूर्वीपासून होतेच.

आरोग्यविम्याबाहेर हेच काम सर्वेक्षक करतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, त्यानंतरचे आठवडे मुंबईच्या विमा वर्तुळात कोणी विसरलेले नाही. बुडालेल्या मोटारी, भिजलेली गोदामे, चिखलाने भरलेली यंत्रे. आणि हे सारे मोजणारे परवानाधारक सर्वेक्षक मोजके. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात तोच अनुभव आला. ठरावीक रकमेच्या वरील नुकसान परवानाधारक सर्वेक्षकाने मोजावे, असा कायदा आहे. अभियांत्रिकीची पदवी वा पदविका, अनुभवी सर्वेक्षकाच्या हाताखाली उमेदवारी, विमा संस्थेची परीक्षा आणि मग प्राधिकरणाचा परवाना, असा हा मार्ग. यात नियुक्ती नसते, व्यवसाय असतो. मोबाइलवरील छायाचित्रांवरून किरकोळ वाहन दावे निकालात निघू लागल्याने नवोदितांची पहिली कमाई आक्रसली, हे खरे. परंतु आग, सागरी माल आणि यंत्रसामग्री यांच्या दाव्यांत प्रत्यक्ष जागेवर उभे राहून नजर फिरवणारा माणूस अद्याप लागतो.

पीकविम्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला आणि अर्जांचा पूर आला. नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची आणि नंतर पाहणी व्हायची, यासाठी हंगामापुरते प्रतिनिधी तालुक्या-तालुक्यांत नेमले गेले. गावातलाच कृषी पदविकाधारक मुलगा, दुचाकी, मोबाइलवरील ॲप आणि दिवसाला ठरावीक शेते. अनेक ठिकाणी हीच त्याची पहिली कमाई. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनाला जोडली. वैयक्तिक पाहणीचा आधारच गेल्यावर ती हंगामी कामेही जाणार, हे ओघाने आले. शासकीय निर्णयाची चर्चा शेतकऱ्यांच्या भरपाईपुरती झाली, आणि ते स्वाभाविक होते. या मुलांचा उल्लेख कोठे झाला नाही.

दर ठरविणारे

विम्याचा हप्ता किती असावा, हे ठरविणारी माणसे आणखी कमी आहेत. १ जानेवारी २००७ पूर्वी आग, अभियांत्रिकी आणि वाहन विम्याचे दर सर्व कंपन्यांसाठी सारखेच बांधलेले असत. अंडररायटरने पुस्तक उघडायचे आणि दर लावायचा. दरमुक्ती झाली आणि या पदाला खऱ्या अर्थाने काम आले : हा कारखाना, ही इमारत, हा माणूस किती जोखमीचा आहे, याचा अंदाज आता स्वत: बांधायचा. ही नजर वर्गात येत नाही. सार्वजनिक कंपन्यांत घडलेल्या जुन्या अंडररायटरांना खासगी कंपन्या वाढीव पगारावर उचलून नेतात, ती याच कारणाने.

विमागणितज्ञ, म्हणजे ॲक्च्युअरी, हे याच कामाचे शास्त्रीय टोक. प्रत्येक विमा कंपनीला नियुक्त विमागणितज्ञ असावाच लागतो. तरीही एवढ्या मोठ्या देशात पूर्ण पात्रताधारक फेलोंची संख्या शेकड्यांतच मोजावी लागते. परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचे कार्यालय नवी मुंबईतच आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देता येते. पण सगळे पेपर सोडवायला अनेकांची सात-आठ वर्षे जातात आणि निम्म्या वाटेवर थांबणारे पुष्कळ. थांबलेल्यांनाही बाजारात मोल आहे. विमा करारांच्या लेखांकनाचे नवे मानक २०२४ मध्ये अधिसूचित झाले, जोखमीवर आधारित भांडवलाची पद्धतही येऊ घातली आहे, आणि दोन्हींसाठी ही गणिते जाणणारी माणसे हवीत. गणित आणि संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलांना या वाटेची माहिती महाविद्यालयात कोणी देते का, याविषयी शंका वाटते.

तंत्रज्ञानाच्या बाजूला मुंबई-पुण्याचा संबंध जुना आहे. ब्रिटनमधील अविवा या विमा कंपनीची कागदपत्रे पुण्यात हाताळली जात होती. २००८ मध्ये ते काम डब्ल्यूएनएसने विकत घेतले. परदेशी पॉलिसीधारकाचे दावे आणि नूतनीकरणे हाताळण्याचे हे काम पुष्कळ मुलांची पहिली नोकरी ठरले. आता याच ठरावीक साच्याच्या कामांवर यंत्राची पहिली धाड पडते आहे : कागद वाचणे, माहिती भरणे, सोपे दावे मंजूर करणे. अर्थात विमा क्षेत्राला ही भीती नवी नाही. १९६० च्या दशकात एलआयसीच्या कोलकात्यातील इलॅको हाऊसमध्ये संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पाळ्या लावून पहारा दिला होता. संगणक पुढे आलाच. फरक इतकाच, की त्या कर्मचाऱ्यांची नोकरी कायम होती आणि पाठीशी संघटना होती. कंत्राटी दावा-सहायकाकडे दोन्ही नाही.

नव्या कंपन्या येतच आहेत. २०११ नंतर बारा वर्षे एकाही नव्या जीवनविमा कंपनीला परवाना नव्हता. २०२३ मध्ये तिघांना मिळाला. २०२४ मध्ये आरोग्यविम्यात दोन कंपन्यांची भर पडली. शंभर टक्के परकीय मालकीच्या कंपन्या आल्या तर त्यांच्या पहिल्या जाहिराती विक्री व्यवस्थापकांच्याच असतील, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. प्राधिकरणाला काही करायचे असेल, तर कंपनीने दर लाख पॉलिसींमागे दावा-विभागात किती माणसे ठेवली, हे वार्षिक अहवालात छापण्याची सक्ती करता येईल. आज कंपनीचे एजंट किती, हे चटकन सापडते. दावे तपासणारे किती, हे सापडत नाही.

उमेदवारांपुरते बोलायचे तर दुसऱ्या भरतीची दारे हाकेच्या अंतरावर आहेत. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विमा संस्थेच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात, आणि तिचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय विमा अकादमी आहे. तेथे विम्यातील पदव्युत्तर पदविका मिळते. एलआयसीच्या २०२५ च्या जाहिरातीतील ३१० विशेषज्ञांच्या जागा अशाच पात्रता असणाऱ्यांसाठी होत्या. वरच्या पातळीच्या या अभ्यासक्रमांचे साहित्य मुख्यत: इंग्रजीत आहे. एजंट होण्याची परीक्षा मात्र मराठीतही देता येते.